आगाऊ दिलेली साक्ष

सकाळी जाग आली तरी मी लगेच डोळे उघडत नाही. आधी भीती उठते, मग मी. पडल्या पडल्या डावा डोळा तळहाताने झाकते, उजवा उघडते आणि समोरच्या भिंतीवरचं चर्चचं कॅलेंडर बघते. काल त्याच्या शेजारची खुंटी दिसत होती. आज दिसते का? दिसली की उठून बसते. नाही दिसली तर मान जरा वळवून तिला शोधते आणि स्वतःला सांगते, उशी सरकली असेल गं बाई, उगीच घाबरू नकोस.

मी अहमदपुरात ब्लाउज शिवते. मला काचबिंदू आहे. डावा डोळा गेल्यातच जमा आहे, आणि उजव्याची नजर कडांकडून आत आत चाललीय. समोरचं दिसतं, बाजूचं आणि खालचं नाही. म्हणजे सुई दिसते, पण मांडीजवळ ठेवलेली कात्री हरवते. गिऱ्हाइकांना वाटतं बाई वेंधळी झाली. वाटू दे. वेंधळीकडे ब्लाउज टाकतात, आंधळीकडे कोण टाकणार?

लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी सरळच सांगितलं होतं, "गेलेली नजर परत येत नसते. उरलेली सांभाळायची. थेंब एक दिवससुद्धा चुकवायचा नाही." थेंब घातल्यावर डोळे मिटून, नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून थोडा वेळ पडून राहायचं, हेही त्यांनीच शिकवलं.

आमचे हे एसटीच्या वर्कशॉपमध्ये आहेत. माणूस वाईट नाही. भित्रा आहे, आणि भित्रा माणूस लई मोठ्याने बोलतो. माझ्या डोळ्यांचं कळलं तेव्हा यांनी उपास धरले, प्रार्थना केल्या, कुणी सांगेल तिथे मला नेऊन डोक्यावर हात ठेवून घेतले. मग नांदेडला उज्जीवन सभा होती, लोकांचा विश्वास जागवायची, तिथे एकटेच गेले. सभेतल्या पाहुण्या प्रचारकाने सांगितलं, मिळायची वाट बघू नका. मिळालंच असं धरून आधी साक्ष द्या, मग देव देतोच.

आमच्या चर्चमध्ये दर रविवारी गीत झालं की पाळकसाहेब विचारतात, कुणाला साक्ष द्यायचीय का. मग एकेक जण उठतो आणि देवाने काय दिलं ते सांगतो. कुणाच्या पोराला नोकरी लागलेली असते, कुणाच्या बोअरला पाणी. सगळं झाल्यानंतरचं. त्या रविवारी आमचे हे उठले आणि न झालेल्याची साक्ष देऊन मोकळे झाले. "प्रभूने माझ्या बायकोचे डोळे बरे केले!" सगळी मंडळी हालेलुया म्हणाली, टाळ्या वाजल्या. मी बायकांच्या बाजूला बसले होते. सगळ्या वळून माझ्या डोळ्यांकडे बघायला लागल्या.

घरी आल्यावर यांनी थेंबाची बाटली उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"अवो, काय करायलात?" मी ओरडलेच.

"औषध घातलं म्हंजे विश्वास न्हाई असं होतं. साक्ष खोटी पडंल."

"अन् डोळे गेले तर?"

"असं तोंडातून काढू नको!" असं म्हणून ते बाहेर निघून गेले.

अस्तराचं कापड आणायचंय असं सांगून मी लातूरची गाडी धरली आणि नवी बाटली आणली. ती तिळाच्या डब्यात लपवली, कारण तिळाच्या डब्याला संक्रांतीशिवाय आमच्याकडे कुणी हात लावत नाही. हे कामावर गेले की स्वयंपाकघराचं दार लावायचं, फरशीवर पडायचं आणि थेंब घालायचे. सासुरवाशीण चोरून खाते तसं मी चोरून औषध घेत होते. संतापही यायचा. माझेच डोळे आणि मीच चोर!

पण संतापाखाली भीती होती, आणि ती नुसती अंधाराची नव्हती. वाटायचं, हे म्हणतात तेच खरं असेल तर? देव माझे डोळे बरे करायला निघालेला असेल आणि माझ्या एका थेंबाने मागे फिरत असेल तर? आणि औषध घालूनही नजर गेली, तर लोक म्हणणार, बघा, यांच्या देवाने बरं केलेली बाई. माझ्या आंधळेपणाने त्याच्या नावाला बट्टा लागणार. दोन्हीकडून मीच गुन्हेगार. फरशीवर पडून, कोपरा दाबून, मिटल्या डोळ्यांनी मी मागत राहायचे. डोळे दे. निदान एक दे. निदान आहे तेवढी नजर राहू दे.

मग कधी कोण जाणे, मागणं संपलं. विश्वास वाढला म्हणून नव्हे, अहो, थकले मी. तेच तेच किती बोलणार? एक दिवस थेंब घालून नुसती पडले. बाहेर भाजीवाला ओरडत होता, कुकरची शिट्टी होत होती. आत काळोख होता आणि त्या काळोखात मी एकटी नव्हते. आवाज नाही, उजेड नाही, काही नाही. पण आजारी पोराच्या उशाशी आई न बोलता बसून असते तसं कुणीतरी होतं. डोळे उघडले तर नजर होती तेवढीच होती आणि भीतीही होती तिथेच. तरी दुसऱ्या दिवशी मी औषधासाठी कमी आणि त्या मिटलेल्या वेळासाठी जास्त, अशी फरशीवर पडले.

हंगामाचा सण जवळ आला तसं पाळकसाहेब घरी आले. "बाई, सणाचं बायबलवाचन तुम्हीच करा. तुमचे डोळे बघून मंडळीचा विश्वास वाढेल." मी तोंड उघडायच्या आत यांनी होकार देऊन टाकला.

वाचायची भीती नव्हती. समोरची अक्षरं अजून लागत होती. भीती होती पुढे वेदीपर्यंत चालत जायची. सणाच्या दिवशी लोक शेतातलं, घरातलं काय काय आणून वेदीपुढे ठेवतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. सोयाबीनची पोती, उसाच्या मोळ्या, भोपळे, पाय बांधलेल्या कोंबड्या, सगळं जमिनीवर. नेमकं जिथलं मला दिसत नाही तिथे.

माझं नाव पुकारलं. मी उठले. सगळं चर्च माझ्या डोळ्यांकडे बघत होतं. समोर वाचनाचं मेज दिसत होतं, बाकी काही नाही. जीव मुठीत धरून मी त्या मेजावर नजर लावली आणि पाय घासत निघाले. मेज जवळ आलं. आलंच, असं वाटलं आणि माझा पाय एका टोपलीत गेला. मी गुडघ्यावर आपटले. अंडी फुटली, कोंबडीने कलकलाट केला.

"घसरली! साडी अडकली तिची, साडी!" हे मागून ओरडले.

लोकांना ते पटलं असतं. मी उठून वाचलं असतं, टाळ्याही मिळाल्या असत्या. मग पुढच्या रविवारी काय? त्याच्या पुढच्या? माझ्या हाताला बलक लागलेला होता. मी मेजाला धरून उभी राहिले.

"साडी न्हाई अडकली," मी म्हणाले. "मला खालचं दिसत न्हाई. माझे डोळे बरे झाले न्हाईत. मी चोरून औषध घालते. पुढं आंधळी झाले तर मला काय म्हणायचं ते म्हणा, प्रभूला म्हणू नका. मी डोळे मागितले, त्यानं दिले न्हाईत. पण डोळे मिटल्यावर तो असतो. माझी साक्ष एवढीच हाय."

कुणी हालेलुया म्हणालं नाही. पाळकसाहेबांनी पुढे येऊन स्वतःच वाचन केलं. लिलावात ती अंड्यांची टोपली कुणी घेईना, तेव्हा एका म्हातारीने घेतली. "राहिलेली चांगली हायत की," ती म्हणाली.

घरी आल्यावर हे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले. आता पाट फेकतात की काय, अशी मला धास्ती.

"मला वाटलं, मी चारचौघात बोललो तर त्याला करावंच लागंल," ते म्हणाले. "मला लई भ्या वाटतं गं. तुझ्यापेक्षा जास्त."

"मला म्हाईत हाय."

"औषध कुठाय?"

मी तिळाचा डबा पुढे केला. त्यांनी बाटली काढली, तिला चिकटलेले तीळ पुसले. मी फरशीवर पडले. इंजिनं उघडणारा माणूस, पण पहिला थेंब गालावर पडला, दुसरा नाकावर.

"अवो, डोळा वर हाय!"

तिसरा बरोबर पडला. मी डोळे मिटले. त्यांचं बोट धरून नाकाजवळच्या कोपऱ्यावर ठेवलं. ग्रीसचा वास येत होता.

"किती वेळ धरू असं?"

"मी आमेन म्हणेस्तोवर."

अंधार तोच होता. उद्या खुंटी दिसेल की नाही, ही भीतीही तीच. मागायला मात्र काही आठवेना. बराच वेळ मी आमेन म्हटलं नाही.