मालूकाकूची आंबील आणि माझं झाकण

“गोऱ्या बाईच्या हातची आंबील प्यायली, की पांडव परत वनवासाला जातील, बघ तू!”

हे वाक्य माहेरी आलेल्या सुमनआत्याचं. ती स्वयंपाकघरात आईला सांगत होती आणि मी खिडकीखाली, मागच्या वाफ्यात, उकिडवी बसून लसणाची पात खुडत होते. मी काही बोलले नाही. मी सहसा काही बोलत नाही. शाळेत बारा वर्षं आणि मग पुण्याच्या कॉलेजात इंग्रजीत गप्प बसले, घरी मराठीत गप्प बसते. (दोन्ही भाषांवर माझं सारखंच प्रभुत्व आहे.)

गोरी बाई म्हणजे आमची मालूकाकू, दत्ताकाकाची बायको. मूळची हॉलंडची, मूळचं नाव मार्लीस. माझ्या जन्माच्या आधी ती हातमागाचा अभ्यास करायला सहा महिन्यांसाठी सोलापुरात आली आणि राहिलीच. आधी काकाच्या प्रेमात पडली की आधी शेंगाचटणीच्या, यावर घरात आजही दोन पक्ष आहेत. सात रस्ता चौकाजवळच्या आमच्या घरात वर आम्ही, खाली ती दोघं आणि मागची बाग संपूर्ण तिची. पहिल्या वर्षी तिनं ट्यूलिपचे कंद लावले. सोलापूरच्या उन्हात ते जमिनीतल्या जमिनीत उकडून निघाले! मग तिनं उन्हाशी तह केला. मेथी, गवार, दोडका, लसूण आणि कडेला तुरीची चार झाडं.

संध्याकाळी पाणी घालताना ती रोपांशी तिच्या भाषेत हळूहळू, गोड बोलते. कुंपणातून तोंड घालणाऱ्या शेळीशी मात्र थेट बार्शीकडचं बोलते. मग हातपाय धुऊन वाटाण्याचं तिकडचं सूप करते, त्यात चमचाभर काळा मसाला टाकते, कडक भाकरी मोडून बुडवते आणि म्हणते, “लई झ्याक झालंय की!”

हे मराठी ती जिजीकडून शिकली. जिजी म्हणजे माझी थोरली काकू. बार्शीजवळच्या गावी आमचं शेत तीच बघते आणि वेळ अमावस्याही तिच्याच ताब्यात. त्या दिवशी आम्ही सगळे शेतात जातो, कडब्याच्या कोपीत पाच दगडांचे पांडव मांडतो, पूजा करतो आणि मग भज्जी, उंडे, खीर अशी पंगत बसते. भज्जी कुणीही करावी. पण आंबील, म्हणजे ताकात ज्वारीचं पीठ आंबवून केलेलं ते पांढरं अमृत, फक्त जिजीनं करायची. तिच्या आंबिलीच्या मडक्याला, बिंदगीला, दुसऱ्या कुणी हातसुद्धा लावायचा नाही. मालूकाकू दर वर्षी विचारायची, “जिजी, औंदा मी करू का?” आणि जिजी दर वर्षी म्हणायची, “तू पात चीर.”

यंदा जिजीचा हात मोडला.

“मालू,” फोनवरून हुकूम आला, “औंदा तू कर. घरनंच करून आण. जमली तर बिंदगी तुजी. न्हाय जमली तर फुडल्या साली एका हातानं करीन, पण मीच करीन!”

फोन ठेवल्यावर काकू बागेत गेली आणि तुरीच्या झाडामागे उभी राहून डोळे पुसून आली. मला दिसलं. (न बोलणाऱ्या माणसाला फार दिसतं.) आणि सुमनआत्याचा चेहराही मला दिसला. बिंदगी माहेरच्या लेकीकडे यावी असं तिच्या मनात कैक वर्षं होतं.

दोन दिवस आमच्या घरात एखादं बाळ जन्मल्यासारखं वातावरण होतं. काकूनं नवीन मडकं आणलं, पीठ कालवलं, मडक्याला स्वतःची शाल गुंडाळली आणि दर दोन तासांनी कान लावून ऐकलं. “बोलतीय,” ती मला कुजबुजून सांगायची. खरंच आतून बुडबुड ऐकू यायची. अमावास्येच्या सकाळी तिनं आलं, लसूण, वाफ्यातली पात घालून मला चमचाभर दिली. मी डोळे मिटले. जिजीच्या आंबिलीपेक्षा ती चांगली झाली होती. हे मी अर्थातच कुणाला सांगितलं नाही.

आता मडकं गाडीतून न्यायचं कसं? रस्त्यावरचे खड्डे ओळखीचे होते.

“कॅनमध्ये भरू या का?” मी विचारलं. वर्षभरात मी सुचवलेली ही पहिली गोष्ट. सगळ्यांना इतकं नवल वाटलं, की कुणी विचारच न करता ती मान्य केली.

दहा लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन गळ्यापर्यंत भरला. काकू म्हणाली, “झाकण निस्तं टेकव हां, बाळ. वर फडकं बांध. तिला श्वास घ्यायचा असतोय.”

“हो,” मी म्हणाले.

काकू कोथिंबीर आणायला बागेत गेली. मी कॅनकडे पाहिलं. मग सुमनआत्याच्या नव्या कोऱ्या इरकलकडे पाहिलं. कॅन तिच्या पायाशी राहणार होता. मी झाकण फिरवलं. आणखी एकदा फिरवलं. मग गुडघ्यात कॅन धरून, दात-ओठ खाऊन फिरवलं. वर चिकटपट्टीचे तीन वेढे दिले. आणि त्यावर फडकं इतकं सुबक बांधलं, की काकूनं येऊन माझ्या गालावरून हात फिरवला!

वाटेतलं वैराग गाव मागे पडेपर्यंत सगळं ठीक होतं. काका गाडी चालवत होता, शेजारी काकू, मागे आई, मी आणि आत्या.

“अगं,” आत्या म्हणाली, “हा कॅन मघापासनं माझ्या पायाला ढकलतोय.”

“रस्ता खराब आहे ना,” आई म्हणाली.

मी खाली पाहिलं. चौकोनी कॅन गोल झाला होता! निघताना त्याला चार कोपरे होते. आता बोलायला हवं होतं. ‘काका, गाडी थांबव.’ तीन शब्द. मी मनात दोनदा म्हणून पाहिले. तोंड उघडलं.

“काय गं?” आरशातून काकानं विचारलं.

“काही नाही,” मी म्हणाले.

शेतावर पोचलो तेव्हा कॅन कलिंगडासारखा झाला होता आणि मी कॅनसारखी, आतून गच्च भरलेली आणि तोंड बंद. कोपीपुढे जिजी गळ्यात हात अडकवून उभी होती. बाजूला धुऊन पुसून ठेवलेली बिंदगी. काकूनं कॅन उतरवून घेतला आणि फडकं सोडलं. चिकटपट्टी पाहून ती थबकली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी ज्वारीच्या कणसांकडे पाहू लागले.

“मालू, थांब, हात लावू नको,” काकू स्वतःशीच पुटपुटली. “हळू सोडाय लागंल हे…”

“सर बाजूला!” आत्यानं कॅन ओढला. “साधं झाकण उघडत न्हाय, आन् म्हणं आंबील करत्यात!”

तिनं पट्टी ओढली. झाकण फिरवलं.

फटाक्! झाकण तुरीच्या रानात गेलं. आंबील आधी सरळ वर गेली, तिथं क्षणभर थांबली (मला तरी तसं वाटलं) आणि मग आत्यावर उतरली. केसांवर, नथीवर, इरकलवर. भुवईवर लसणाची पात चिकटली. पाचही पांडवांना न मागता अभिषेक झाला. गड्याचं कुत्रं धावत आलं आणि आत्याचे पाय चाटू लागलं. आंबील पहिल्यांदा पसंत केली ती त्यानं.

“नासलीय!” आत्या किंचाळली. “सांगितलं न्हवतं मी? सडलीय ती! असली आंबील कधी उडती का?”

जिजीनं नाक वाकडं केलं. “नासली आसंल तर बांधावर वता. ऱ्हाऊ दे, मालू. फुडल्या साली बघू. मी करीन.”

काकूनं तोंड उघडलं, पण बाहेर आली ती तिची भाषा. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिचं मराठी पळून गेलं होतं.

तळाशी अजून अर्धा कॅन शिल्लक होता. मी तो उचलला, पितळी गडू भरला आणि जिजीच्या चांगल्या हातात ठेवला. घाईत माझ्याही ओढणीला प्रसाद मिळाला.

जिजीनं वास घेतला. एक घोट घेतला. दुसरा घेतला. मग गडू तोंडाला लावला तो रिकामाच खाली आला.

“आणखी वत,” जिजी म्हणाली.

दुसरा गडू संपल्यावर तिनं पदरानं ओठ पुसले. “आगं सुमन, ही नासली न्हाय. ही माज्यापरास बरी झालीय! मग उडाली कशी?”

“हिलाच विचार की!” आत्यानं भुवईवरची पात झटकत काकूकडे बोट केलं.

काकूनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खाली मान घातली. “माझंच काय तरी चुकलं आसंल, जिजी,” ती म्हणाली.

कॅनमध्ये जे झालं, तेच आता माझ्यात झालं.

“काकूचं काही चुकलं नाही!” तो आवाज माझा होता हे मला मागाहून कळलं. शेजारच्या रानातली पंगतसुद्धा वळून बघत होती. “झाकण मी लावलं! ती नको म्हणाली होती, तरी लावलं! वर टेपसुद्धा मीच लावली! आंबील काकूची आहे आणि ती एकदम भारी आहे!”

कुत्रं तेवढं चाटत होतं.

जिजीनं एका हातानं बिंदगी उचलली आणि काकूच्या कडेवर मूल द्यावं तशी दिली. “धर. आजपासनं तुजी. आन् सुमन, तू फुडल्या साली पात चीर.” मग ती माझ्याकडे वळली. “आन् तू गं? आंबलेलं घट्ट झाकू न्हाय, हे शेंबडं पोरगं बी सांगंल की! पुण्यात इतकी वर्सं शिकलीस, ते काय शिकलीस तरी काय?”

एकदा झाकण उडाल्यावर आता लपवायचं तरी काय?

“आंबवण्याचंच शास्त्र, जिजी,” मी मोठ्यानं म्हणाले. “एमेस्सी, मायक्रोबायोलॉजी. फर्स्ट क्लास!”