आबांनी पसंत केलेला लाइनमन

मंडळी, ऐका. आज दुपारपासून इकडे परदेशात, आमच्या मार्कहॅमच्या घराच्या बेसमेंटमध्ये एकच वाद चालू होता. आपल्या फुटबॉल टीमने (इथला फुटबॉल म्हणजे बॉल हातात घेऊन धक्काबुक्कीचा) ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, कॉलेजचा कुठला डिफेन्सिव्ह लाइनमन, म्हणजे समोरच्याला टॅकल करून आडवं पाडणारा गडी, घ्यावा?

माझी मुलगी सई म्हणाली, सगळ्यात दांडगा तो. माझे सासरे आबा, रिटायर्ड इंजिनियर, स्थळ बघायला आल्यासारखे विचारत होते, "पण शिकतो काय?" यादीतला एक जण सिव्हिल इंजिनियरिंगला निघाला. आबांनी तोच पास केला.

"आबा, ही हॅज टू टॅकल पीपल," सई वैतागली.

संध्याकाळी टीमने खरंच आबांचा इंजिनियर घेतला. आम्ही सगळे नाचलो. तेवढ्यात टीव्हीवर कळलं, तो आधी डिग्री पूर्ण करणार, मग पुढच्या वर्षी खेळायला येणार.

सई डोकं धरून बसली. आबा म्हणाले, "बघ, चांगल्या घरचा आहे."

खरं सांगा, तुम्ही कुणाला पास केलं असतं?