उजव्या बाजूची तोटी

डार्मश्टाटला पीएचडी करत होतो तेव्हा माझा विषय होता, इंजिनातली उष्णता बाहेर कशी काढायची. वडील नागपूरला एसटीच्या डेपोत मेकॅनिक. मे महिन्यात रेडिएटरच्या झाकणावर ओलं फडकं टाकून, तोंड बाजूला करून ते कसं फिरवायचं, हे मला बाराखडीच्या आधी येत असावं. इंजिनाचा शत्रू म्हणजे उष्णता, हे आमच्या घरातलं पक्कं मत. थंडीचा संबंध फक्त स्वेटरशी.

मी वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो, खाली घरमालक आणि त्यांची बायको. दोघं पंचाहत्तरीच्या पुढचे. मनातल्या मनात मी त्यांना आजोबा-आजीच म्हणायचो. आजोबांची एक जुनी मोटरबोट होती. इंजिन बोटीच्या पोटात बसवलेलं, नदीचंच पाणी ओढून थंड होणारं. हिवाळ्यापूर्वी ती ऱ्हाइनच्या जुन्या पात्रातून बाहेर काढून काठावर लाकडी टेकूंवर ठेवायची. आजोबांचे हात थरथरायला लागले होते, म्हणून त्या वर्षी ऑक्टोबरात त्यांनी मला मदतीला नेलं.

"तू तर इंजिनाचाच डॉक्टर होणार," ते म्हणाले. मी फुशारलो.

काम सोपं होतं. इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या तोट्या उघडून आतलं पाणी काढून टाकायचं, तोट्या बंद करायच्या आणि मग बादलीतल्या पाण्यात न गोठणारं कूलंट कालवून इंजिनाला ते ओढू द्यायचं. पाणी आत राहिलं तर ते गोठून फुगतं आणि ओतीव लोखंडसुद्धा फोडतं. तोट्या माझ्याकडे, बादली त्यांच्याकडे. तोटीत गाळ बसतो म्हणून त्यांनी टोकाला वाकवलेली एक तार माझ्या हातात दिली. "पाणी थांबलं की टोचायचं. दोन्हीकडे."

डावीकडून भरपूर पाणी आलं. उजवीकडची तोटी अडचणीत होती, पालथं पडून खांद्यापर्यंत हात घालावा लागायचा. त्यातून कपभर पाणी आलं आणि थांबलं. बोटं बधिर झाली होती. शिवाय दुपारी वाल्डॉर्फला आमच्या लोकांचा धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम होता, सगळ्यांची सुट्टी बघून शनिवारी ठेवलेला, आणि मला गाडी गाठायची होती. म्हाताऱ्यांना कसली ना कसली तार लागतेच, असं काहीतरी मनात म्हणत मी तोटी बंद केली.

"टोचलंस ना? दोन्हीकडे?" खालून आजोबांनी विचारलं.

"गेनाऊ, गेनाऊ," मी म्हणालो. म्हणजे हो, अगदी.

मग त्यांनी कूलंटचे दोन कॅन बादलीत रिकामे केले, लागतात तेवढेच. दोन. ते रिकामे कॅन कचऱ्यात मीच टाकले. आणि दोन तासांनी वाल्डॉर्फच्या एका हॉलमध्ये, हाताला इंजिनाचा वास येत असताना, मी सगळ्यांबरोबर हात जोडून पंचशील म्हटलं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. लहानपणापासून इतकं पाठ, की म्हणताना जीभ अडखळलीसुद्धा नाही.

त्या जानेवारीत नदीकाठची डबकी आठवडाभर दगड होऊन पडली होती.

एप्रिलमध्ये आम्ही परत गेलो. आजोबा खाली बोटीचा तळ घासत होते, मी वर इंजिनातलं कूलंट काढत होतो. उजवी तोटी उघडली, एक थेंब आला नाही. टॉर्च मारला तर तोटीच्या वरच लोखंडाला वीतभर केसासारखी चीर, तिच्या कडेने गंजाचा ओघळ. पुढे मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते, टोचायला विसरलो त्याहून कितीतरी जास्त. आणि विसरलो तरी कुठे होतो? मी तार घेतली आणि आत्ता टोचलं. काळा गाळ भसकन बाहेर आला, मागून गढूळ पाणी. ते सगळं फडक्याने पुसलं, फडकं जॅकेटच्या खिशात कोंबलं आणि मग आजोबांना हाक मारली.

त्यांनी चीर पाहिली. मग मोठ्या कष्टाने वाकून तार स्वतः तोटीत घातली. ती सरळ आत गेली.

"आल्झो, असं तर," तार बाहेर काढत ते म्हणाले, "तोटी मोकळी आहे. म्हणजे माझीच चूक. पाणी जास्त कालवलं मी. कॅन एक ओतला की दोन, मला आठवतच नाही."

मला आठवत होतं. तोंड उघडायचा अवकाश होता.

इंजिन गेलं. घरी स्वयंपाकघरात आजींनी आम्हाला केक वाढला आणि नवऱ्याचा हात हातात घेतला. दोन महिन्यांपूर्वी गॅस चालू राहिला होता, आता हे. बोट विकू या, आणि गाडी चालवणंही बस झालं, त्या अगदी हळू म्हणाल्या. आजोबा एरवी यावर भांडले असते. त्या दिवशी त्यांनी खिशातून गाडीच्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या. स्वतःच्या डोक्यावरचा त्यांचा भरवसा माझ्यासमोर उडाला, आणि मी केक खात होतो. आज सांगतो, उद्या सांगतो, असं करत मी पुढे दोन वर्षं त्याच जिन्याने वर-खाली केलं.

तिकडे पीएचडी झाली की सहकारी पुठ्ठ्याची मोठी टोपी करतात आणि त्या माणसाच्या कामातल्या, आयुष्यातल्या वस्तू तिच्यावर लावतात. माझ्या टोपीवर छोटा रेडिएटर होता, प्लास्टिकची संत्री होती. आजोबा-आजी बसने आले होते. आजोबांनी कोटाच्या खिशातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. तीच तार.

"बोट गेली ती माझ्या विसरभोळेपणामुळे," ते माझ्या प्राध्यापकांना सांगत होते. "ह्याने त्याचं काम चोख केलं होतं. मी स्वतः तपासलं."

तार टोपीला आपणच गुंडाळणार, असा त्यांचा हट्ट होता. थरथरत्या हातांना ते जमेना, फार वेळ लागला. त्यांचा हात पोचावा म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो. तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला.

तो फोटो आईने नागपूरच्या घरी बैठकीत लावला आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांना ती दाखवते, एवढा शिकला, पण बघा किती नम्र आहे.