पंपाची सूट

टीव्ही नुकता रंगीत झाला होता, तेव्हाची गोष्ट. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत वॉचमन नव्हता. पहाटे खालच्या टाकीत पाणी आलं की पंप लावून ते गच्चीवरच्या टाकीत चढवायचं, हे काम आम्ही बायका आळीपाळीने करायचो. वरची टाकी भरून वाहिली, की जिचा नंबर तिचा अख्खी बिल्डिंग उद्धार करायची. सूट फक्त पोटुशीला. सातवा लागल्यापासून मूल वर्षाचं होईपर्यंत.

मला सातवा लागला आणि पंपरूमच्या दारावरच्या यादीत माझ्या नावापुढे खडूने ‘सूट’ लिहिलं गेलं. मी काय मिरवले! पहाटे पंपाची घरघर ऐकू आली की मुद्दाम कूस बदलायची. जणू राणीच लागून गेले होते. समोरच्या मालवणी वहिनी चिडवायच्या, “नीज गो बाय, आताच नीज. मगे पोर झोपाक देवचा नाय.”

पोर अकरा दिवस जगलं. मुलगी होती.

मी माहेरी न राहता लगेच परत आले. यादीत ‘सूट’ तशीच होती. ती पुसायची कोणी? ज्या बाईने पुसली असती, तिने तोंडावर सांगितल्यासारखंच झालं असतं. मीही गप्प. शहाणी मी! तो शब्द आहे तोवर कुठेतरी मूल वाढतंय, असं मनाशी धरून बसले होते. मनात महिने मोजायचे. आता पालथी पडली असती, आता बसली असती. पंप घरघरायचा, मी टक्क जागी.

रांगायच्या महिन्यात एका पहाटे उठले, खाली गेले. वहिनींचा नंबर होता. त्यांच्या हातातली किल्ली ओढून घेतली.

“अगो, तुका सूट आसा ना?”

“कशाबद्दल, वहिनी?”

त्या वर गेल्या. मी पदराने माझ्या नावापुढचा खडू पुसला, पंप लावला आणि बसून राहिले. किती वेळ, कळलं नाही. टाकी वाहायला लागली, पाणी धो धो भिंतीवरून खाली आलं. खिडक्या उघडल्या. सगळ्यांनी मला पाहिलं आणि एकीनेही तोंड उघडलं नाही. एकेक खिडकी हळूच लागली.

ते मला सहन होईना.

मग गॅलरीतून वहिनींचा आवाज आला, “बंद कर गो तो पंप! डोळे फुटले काय तुझे?”

मी बटण दाबलं आणि तिथेच, अकराव्या दिवसानंतर पहिल्यांदा, ओक्साबोक्शी रडले.