गिलाव्यावरचा पट्टा

बाजारकुणंग गावावरून रानाच्या वाटेनं आत गेलं की नागू वेळीपची वाडी लागते. घरं चौदा. त्या चौदाही घरांत नागूला नागू म्हणून कुणी हाक मारत नाही, सगळे ‘किल्लारी’ म्हणतात. त्याच्या बायकोलासुद्धा ‘आली बघा किल्लारीण’ म्हणून चिडवतात आणि ती बिचारी चिडते. चिडली नसती तर कुणी कशाला तोंड दमवलं असतं?

नाव पडलं ते नागूच्या बडबडीमुळं. किल्लारीच्या भूकंपानंतर तिकडं नवी गावं उभी राहत होती, तेव्हा रामनगरच्या एका मुकादमाबरोबर तो दोन वर्षं गवंडीकामाला गेला होता. गेला तेव्हा विशीतला, चारचौघांत तोंड न उघडणारा. परतला तो भूकंपाचा शास्त्री होऊन. लग्न असो, बारसं असो, हातात विडा पडला की नागूची किल्लारी सुरू.

“हातभर जाड दगडी भिंती, मधी चिखल, वर मातीचं धाबं. पहाटं झोपेतच गाडली गेली माणसं. अन् तीन-चार म्हैन्यांनी अमेरिकेत त्याच्याहून मोठा हादरा बसला, आमचा इंजिनेर सांगायचा. हिकडं धा हजार गेली, तिकडं साठेक. का?”

एवढं विचारून तो पान चघळत थांबायचा. उत्तर वाडीला पाठ होतं. पोरं एका सुरात ओरडायची, “पट्टाऽऽ!”

पट्टा म्हणजे दाराच्या चौकटीवरून चारी भिंतींवर सलग फिरवलेली सळ्या-काँक्रीटची बांधणी. पोत्याचं तोंड दोरीनं आवळावं, तशी ती भिंती एकमेकींना धरून ठेवते. “पैसेवाला देश हलला तरी हसतो,” नागू म्हणायचा, “कारण तो आधीच आवळून बसलेला असतो.”

“किल्लारी, आपली जमीन हलती ती गवा पळाला तर,” चहाच्या टपरीवर वासू हमखास डिवचायचा. “गव्याला पट्टा बांध की!”

पण नागू हट्टी. मालकानं सळ्या आणल्या नाहीत तर थापीला हात लावायचा नाही. त्यापायी कामं हातची गेली, बायकोच्या शिव्या खाल्ल्या, तरी तीस वर्षांत त्यानं एकाही जांभ्या चिऱ्याच्या घराला पट्ट्याविना कौलं चढू दिली नाहीत.

एका घराचा अपवाद. ते त्याच्या बहिणीचं.

फुला विधवा. तिची लेक शिल्पा जपानात म्हाताऱ्यांच्या आश्रमात सेविका आहे. पोरीनं घरासाठी पैसे पाठवले आणि फोनवर बजावलं, “मामा, पट्टा घालायचा. हितं जमीन हलती ती मी रोज बघते.” फुलाच्या मनात मात्र दुसरंच होतं. रामनगरच्या भिकाजीशेटच्या घरापुढं कमान आहे, तशी तिला हवी होती. लोखंड आणि सिमिट कमानीला पुरत होतं, नाहीतर पट्ट्याला. दोन्हीला नाही.

“शिल्पाच्या गावाला हलतं, तिथं पट्टा. आपल्याकडं काय हलतंय, अण्णा?” फुला म्हणाली. “अन् ते मधले खांब काढ. टीव्ही दिसत न्हाई.”

मधले खांब म्हणजे जुन्या कुडाच्या घराचे. आमच्या रानातल्या त्या घरांची रीतच अशी, की छप्पर खांबांवर तोललेलं असतं, मातीच्या भिंती नुसत्या आडोशाला. भिंत पडली तरी छप्पर जागेवर. हे नागूला कुणी शिकवायला नको होतं. पण हल्ली चिऱ्याचं घर बांधायचं म्हणजे खांब उपटायचे, नाहीतर घर जुनाट दिसतं. इतरांच्या घरी नागूनं निदान पट्टा तरी घातला होता.

बहीण पाठची, हट्टाची, नवऱ्याविना राबलेली. शिवाय टपरीवरचं हसणं ऐकून ऐकून नागूलाही वाटायला लागलं होतं, की आपण उगीचच तीस वर्षं ओरडलो. त्यानं मान डोलावली. खांब उपटले, कमान उभी केली.

तेवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं. पण ‘किल्लारीच्या बहिणीच्याच घराला पट्टा न्हाई’ हे वासूच्या तोंडून ऐकायची त्याची तयारी नव्हती. म्हणून गिलावा करताना त्यानं दारावरून चार बोटं रुंद, जरा उठून दिसणारी रेघ चारी भिंतींवर ओढली. तांबडा रंग दिला. अगदी पट्टाच! फुलालाही त्यानं सांगितलं, “कमानीतून उरलेल्यात पट्टाबी बसवला.” शिल्पाला फोटो गेला. तिचं उत्तर आलं, “आता मला झोप लागंल, मामा.”

मागच्या भाद्रपदात, भर दुपारी जमीन हलली. जेमतेम विडा तोंडात टाकावा एवढाच वेळ. रामनगरच्या दुकानात डबे खुळखुळले, माणसं रस्त्यावर आली आणि हसत परत आत गेली. वाडीतल्या जुन्या घरांच्या कुडाची माती झडली, खांब करकरले आणि उभे राहिले. नागूनं बांधलेल्या घरांची दोन-चार कौलं घसरली. फुलाच्या घराचा कोपरा मात्र उकलला, पावसानं भिजलेली भिंत बाहेर गेली आणि छप्पर खाली आलं. फुला तांदूळ निवडत बसली होती. उजवा पाय सापडला. बेळगावात तो गुडघ्याखाली कापावा लागला.

कमान तेवढी उभी होती.

कुबडीवर परतून पडक्या घराशेजारी झोपडीत राहू लागलेली फुला भेटेल त्याला सांगायची, “अण्णानं पट्टा घातला म्हणून जीव तरी ऱ्हायला. न्हाईतर मी मातीतच.”

नागू ते ऐकायचा आणि उठून जायचा. किल्लारीची गोष्ट त्यानं बंद केली. पोरांनी मुद्दाम “का?” विचारलं तरी पान थुंकून वाटेला लागायचा. लोक म्हणाले, बहिणीच्या दुःखानं खचला.

थोड्या दिवसांनी शिल्पाचा फोन आला. तिकडंही जमीन हलली होती, आपल्यापेक्षा कितीतरी जोरात. “आम्ही वरच्या मजल्यावर होतो, मामा. एका आजीच्या वाटीतलं सूप सांडलं, तेवढंच. कपाटंसुद्धा भिंतीला आवळलेली असतात. बांधकाम टप्प्याटप्प्याला माणूस येऊन तपासतो.” मग तिनं विचारलं, “पट्टा असून आईचा पाय कसा गेला?”

“औंदा पाऊस लई झाला,” नागू म्हणाला.

ही दुसरी थाप. तिसरीची वेळ नागेशनं आणली. शेजारचा नागेश चार लेकरांचा बाप, चिऱ्याच्या भिंती निम्म्या आलेल्या. तो नागूला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, “किल्लारी, फुलाक्काच्या घरासारखा पट्टा कर मला. सळ्या नकोत. पडलेली भिंत मी नीट बघितली, आत लोखंड न्हाईच! नुसत्या सिमिटाच्या रेघेवर बाई वाचली. एवढी स्वस्त युक्ती अन् तू सांगत न्हाईस व्हय?”

नागूनं त्याचा दंड धरला आणि थेट फुलाच्या झोपडीत नेलं. तिथं उभ्या उभ्याच त्यानं सांगून टाकलं. पट्टा नव्हता. ती रेघ होती. फोटोपुरती, लोकांपुरती.

फुलानं सुपातले तांदूळ सारखे केले.

“कमान मीच मागितली,” ती म्हणाली.

“व्हय, पण...”

“साऱ्या वाडीला तू न्हाई म्हणत आलास. दांडगे दांडगे मालक परत पाठवलेस. मग माझंच का ऐकलंस?”

फुलानं त्याला बस म्हटलं नाही, चहाही ठेवला नाही.

वाडीला मात्र गोष्ट मिळाली. संध्याकाळपर्यंत टपरीवर निकाल लागला, की पट्टा ही पहिल्यापासूनच किल्लारीची थाप. “तीस वर्षं सळ्या इकत घ्यायला लावल्या की रे गड्यानं!” वासू म्हणाला. नागूनं शपथा घेतल्या, पडलेलं आणि तगलेलं घर बोटानं दाखवलं. कोण ऐकतो? नागेशनं रामनगरहून दुसरा गवंडी आणला आणि पट्ट्याविनाच काम पुढं न्यायचं ठरवलं.

मग फुला उठली. कुबडी टेकत नागेशच्या बांधकामावर गेली आणि चिऱ्यांच्या ढिगावर बसली. “सळ्या आणल्याबिगर मी उठत न्हाई. माझ्या पायाकडं बघ अन् न्हाई म्हण.” दोन दिवस बसली. तिसऱ्या दिवशी सळ्या आल्या.

नागू रस्त्यावरूनच काम बघायचा. जवळ बोलवत नव्हतं कुणी. त्याला दिसलं, की नवा गवंडी कोपऱ्यात सळ्या सरळच तोडतोय, वळवून पुढच्या भिंतीत नेत नाही. त्यानं नागेशच्या बायकोला, राखीला, हळूच सांगितलं. राखीनं ते फुलाला सांगितलं.

फुला त्याच्याकडं न बघता राखीला म्हणाली, “लांबून काय सांगतोय? वाकवून दाव म्हणावं.”

नागू आत आला. चारही कोपऱ्यांच्या सळ्या त्यानं वळवून तारेनं पक्क्या बांधल्या. हात पुसत उगीचच रेंगाळला. ती ‘अण्णा’ म्हणेल असं त्याला वाटत होतं.

फुला कुबडी घेऊन उठली आणि एकेक कोपरा हातानं ओढून बघत फिरली. चारही बघून झाल्यावर राखीला म्हणाली, “बरोबर हाय. जा म्हणावं आता.”

नागू गेला. शिल्पाला खरं सांगायचं अजून बाकी आहे. फोन रोज खिशात असतो.