शेरू, कमलबाई आणि कॉलनीची ओपन स्पेस

सई आणि ईशान,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही सांगितलंत, की तुमच्या तिथल्या पार्कात कुत्र्यांना मोकळं सोडायला वेगळं कुंपण आहे, तरी तिथून जाताना सई ईशानचा हात धरते. आमच्या वाशीमच्या कॉलनीत तसं कुंपण नाही. आम्ही काय केलं, ते फोनवर सांगताना मलाच हसू आलं आणि गोष्ट अर्धी राहिली. म्हणून आज नीट लिहिते.

आसेगाव सोडलं त्या सकाळी कपाट, गाद्या, मिक्सर, आजोबांची आरामखुर्ची, सगळं टेम्पोत चढलं. शेरू चढेना. शेत बटईनं कसायला दिलं होतं, पण कुत्रं कसं देणार? ड्रायव्हरनं माझ्यासाठी पुढची सीट झटकून ठेवली होती. मी मागे जाऊन गादीवर बसले, तेव्हा शेरू एका उडीत आत आला. वाशीम येईपर्यंत रस्त्यातली माणसं आमच्याकडे बघून हसत होती.

माझी आई म्हणायची, "नव्या जागी आधी शेजार पाह्य, मंग भांडे लाव." मी आधी भांडी लावली. शेजार कळला तो संध्याकाळी, शेरूला घेऊन समोरच्या ओपन स्पेसमध्ये गेले तेव्हा. नगरपरिषदेनं तिथे हिरवळ लावली आहे, कडुलिंब आहेत, सिमेंटचे बाक आहेत. एका बाकाशी गोऱ्या, ठेंगण्या कमलबाई उभ्या होत्या. त्यांच्या घरचं किराणा दुकान आहे. जैन घर, त्यामुळे सूर्य मावळायच्या आत जेवण आणि मग बागेत फेऱ्या. शेरूला पाहताच त्या जागीच थिजल्या. लहानपणी कुत्र्यानं पोटरीचा चावा घेतला होता, ती भीती अजून गेलेली नाही.

आसेगावात कुत्र्याला भिणारा माणूस वेशीवरूनच ओरडायचा, "कुत्रं धरा हो!" आणि कोणीतरी धरायचं. कमलबाई ओरडल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून आल्याच नाहीत. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी चालायला सांगितलेलं, तर त्या आपल्या पोर्चमध्ये तुळशीभोवती फिरू लागल्या. कॉलनीतले एक-दोघे म्हणाले, नगरपरिषदेला कळवू, कुत्रं बंद करू. कमलबाईंनी त्यांनाच थांबवलं.

"नोका हाकलू त्याले. जीव आहे तो. मीच नाही येत."

आता सांगा, अशा बाईशी भांडायचं तरी कसं? त्यांचं चालणं माझ्यामुळे बंद झालं होतं. शेरूला आसेगावला परत पाठवायचं माझ्या मनात येऊन गेलं, आणि त्या रात्री मला जेवण गेलं नाही. सकाळी मी त्यांच्या फाटकाशी गेले. दोघींनी मिळून टाइमटेबल ठरवलं. संध्याकाळी सहा ते सात कुत्री, सातनंतर माणसं. वैशाखाचे दिवस होते. त्यांचं जेवण, मागची आवराआवर आटपायला सात वाजत. सगळ्यांना पटलं.

दिवाळीनंतर मात्र गंमत झाली. सूर्य लवकर मावळू लागला, तशी कमलबाईंची जेवणं लवकर होऊ लागली. टाइमटेबल बदलायचं आम्ही दोघीही विसरलो. एका संध्याकाळी त्या बागेत शिरल्या आणि समोर शेरू, मोकळा. सत्तरीच्या कमलबाई बाकावर कशा चढल्या, ते त्यांनाही अजून सांगता येत नाही.

शेरू शांतपणे चालत गेला आणि बाकाखाली बसला, त्यांच्याकडे पाठ करून. मी साखळी घेऊन धावले, पण तो उठेना. मग माझ्या ध्यानात आलं. आसेगावच्या शेतात रात्री गडी मचाणावर चढला, की रानडुकरांवर नजर ठेवत शेरू खाली असाच बसायचा. उंचावर चढलेलं माणूस म्हणजे आपलं, एवढं त्याला ठाऊक.

"गेला काय तो?" कमलबाईंनी डोळे मिटूनच विचारलं.

"नाही. तुमची राखण करतोय."

"माही राखण? कोणापासून?"

तेवढ्यात बँकेतल्या साहेबांचा लॅब्राडोर आला. शेरू असा गुरगुरला, की साहेब आपलं कुत्रं घेऊन मागच्या मागे वळले. कमलबाईंनी एक डोळा उघडला. "हे चांगलं आहे," त्या म्हणाल्या, "ज्याचं भेव, थोच चौकीदार." मग त्या बाकावर उभ्याउभ्याच हसायला लागल्या. त्यांना उतरवायला त्यांच्या दोघी सुनांना बोलवावं लागलं.

त्यानंतर आम्ही घड्याळ सोडलं. सूर्य पाण्याच्या टाकीमागे गेला, की कुत्री घरी आणि माणसं बागेत. उन्हाळा असो की हिवाळा, कुणाला काही लक्षात ठेवावं लागत नाही. कमलबाईंची भीती गेलेली नाही. शेरूला त्या अजून हात लावत नाहीत. शिळी पोळी मात्र फाटकावरून टाकतात, तीही तोंड फिरवून.

तुम्ही विचारता, आजी, घर कुठलं, आसेगावचं की वाशीमचं? आसेगावच्या घराला कुलूप आहे. तिथे ज्या बायकांसोबत मी संध्याकाळी बसायचे, त्यांतल्या बऱ्याच आता नाहीत. इथे टाकीमागे सूर्य गेला, की फाटकाबाहेरून, चार हात लांबूनच, कमलबाईंचा आवाज येतो.

"सुमनबाई, काय करून राह्यल्या? बांधा त्याले, अन् या."

मी शेरूला बांधते, चपला घालते आणि निघते. संध्याकाळी मला नावानं हाक मारणारं माणूस अजून आहे.

तुमची आजी