इस्त्री थांबवू नकोस, दादा

दातांच्या दवाखान्याखालच्या तळघरात कवळ्या बनवणारा जो माणूस आहे, त्याला सगळे कवळीमास्तर म्हणतात. वर डॉक्टरीणबाई लोकांच्या तोंडाची मापं घेतात आणि खाली मास्तर त्या मापांवरून प्लास्टरचे जबडे ओततो, गुलाबी मेणात एकेक दात बसवतो, घासतो, चकचकीत करून वर पाठवतो. आसपासची निम्मी म्हातारी माणसं याच्या हातचं हसतात. हा स्वतः मात्र हसताना सहसा दिसत नाही. त्याला कारण आहे. मास्तर इंग्लंडातल्या एका फुटबॉल संघाचा भक्त आहे आणि तो संघ हरतो.

कधीमधी हरणं वेगळं. हा संघ मन लावून हरतो. त्यांच्या बिल्ल्यावर बगळा आहे, म्हणून घरात त्यांना पहिल्यापासून ‘बगळे’च म्हणतात. जन्मभर एका पायावर उभे, असं मास्तरची बायको म्हणते. मास्तर लहान असताना बोटीवर नोकरीला असलेल्या मामानं एका इंग्लिश बंदरातून या संघाचे दोन मफलर आणले होते, एक मास्तरला, एक त्याच्या मोठ्या भावाला, दादाला. मामाची बोट आणखी एक बंदर पुढे गेली असती तर दोघा भावांना एखादा जिंकणारा संघ मिळाला असता. पण नशिबात जे असतं तेच मामा आणतो.

त्या शनिवारी संध्याकाळी मास्तर तळघरात एकटाच होता. दवाखाना बंद झाला होता. समोर एका निवृत्त शिक्षिकेची कवळी अर्धवट होती, शेजारी टॅब्लेट उभा करून ठेवलेला, आणि टॅब्लेटच्या बाजूला फोन, स्पीकरवर. फोनमधून फुस्स, फुस्स असा आवाज येत होता. ती दादाची इस्त्री. दादा दुसऱ्या गावात एका मोठ्या लाँड्रीत वाफेच्या इस्त्रीवर आहे, वहिनी तिथेच गल्ल्यापाशी बसते, आणि भिंतीवरच्या टीव्हीवर आवाज बंद करून सामना लावलेला असतो.

“सुरू झाला,” मास्तर म्हणाला.

“हं,” फोनमधून दादा म्हणाला. फुस्स.

एवढंच. दोघा भावांचं बोलणं हे असं. सामना सुरू व्हायच्या वेळी मास्तरनं फोन लावायचा, शेवटची शिट्टी झाली की ठेवायचा, आणि मधे बगळ्यांखेरीज एक अक्षर काढायचं नाही. हा नियम कुणी केला नव्हता, पडला होता.

त्याचं मूळ आईत होतं. आई दादाकडे असायची. एका सकाळी दादाचा फोन आला, “आईला बरं नाही, निघून ये.” मास्तर निघाला. दिवसभराचा बसचा प्रवास. वाटेत एका थांब्यावर त्यानं आईसाठी संत्री घेतली. पोरगा गावभर कवळ्या वाटतो आणि याच्या आईची कवळी कायम डबीत. तिला संत्र्याची फोड सोलून, बिया काढून हातात द्यावी लागायची. बसमध्ये मास्तर तेच ठरवत होता, गेल्या गेल्या सोलून देऊ. दारात पोचला तर माणसं जमलेली. आई सकाळीच गेली होती. दादानं फोन केला तेव्हाच गेली होती.

मास्तर तिथेच, सगळ्यांच्या देखत दादाला बोलला. “दिवसभर गाढवासारखा संत्री घेऊन बसलो मी. मला गाढव बनवलंस.” आणखीही बोलला, ते इथे सांगण्यासारखं नाही. आईला पोचवून मास्तर त्याच रात्री पिशवी तिथेच टाकून परतला आणि दोघांचं बोलणं संपलं.

पुढे बऱ्याच दिवसांनी बगळ्यांनी एक सामना चक्क जिंकला. आनंदाच्या भरात मास्तरचा हात सवयीनं फोनकडे गेला. दादानं उचलला. “पाहिलंस?” एवढंच दादा म्हणाला. तेव्हापासून शनिवारचा हा धागा लागला होता, आणि आज तोच तुटायला आला होता. बगळे तळाच्या आसपास होते. आज हरले की खालच्या गटात जाणार, आणि त्या गटाचे सामने इथे कुठेच दिसत नाहीत. बरोबरी झाली तरी वाचणार होते.

“सामना दिसला नाही म्हणून काय झालं? भावाला फोन करायला बगळेच कशाला लागतात?” सकाळी बायको म्हणाली होती.

“तुला नाही कळायचं,” मास्तर म्हणाला होता. खरं तर तिला कळलं होतं आणि यालाही कळत होतं. पण बगळ्यांशिवाय दादाशी काय बोलायचं हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि समजा बोललाच तर पहिलं वाक्य आईचंच निघेल ही धास्ती होती.

सामना रडत रखडत चालला होता. मास्तरनं हात रिकामा नको म्हणून मेण गरम करून एक दात बसवला, तोही वाकडा बसला. इतक्यात फोनमधली फुस्स थांबली.

“दादा,” मास्तर ओरडलाच, “इस्त्री थांबवू नकोस.”

“कपडा बदलतोय,” दादा म्हणाला. आणि जरा वेळानं टॅब्लेटवर समोरच्या संघानं गोल केला.

“बघ. सांगत होतो.”

ही मास्तरची जुनी तक्रार. पूर्वी तो वर दवाखान्यातल्या टीव्हीवर सामना पाहायचा. तो टीव्ही बिघडला, तेव्हापासून तळघरात टॅब्लेट आला, आणि तेव्हापासूनच त्याच्या ध्यानात आलं की दादाची इस्त्री थांबली की गोल बसतो. एकदा झालं, दोनदा झालं, मग मास्तरची खात्रीच पटली. बगळ्यांनी केलेल्या गोलाआधीही इस्त्री थांबत असेल, पण बगळे गोल करतात किती, आणि माणूस मोजतो ते अपशकुनच. त्यानं दादाला बजावून ठेवलं होतं, काही होवो, इस्त्री चालू राहिली पाहिजे. दादानं ऐकलं होतं. आता फुस्स सहसा थांबत नसे. पण दादाही पार मुका झाला होता. गोल झाला तरी हूं नाही की चूं नाही. मास्तरला वाटे, याला आता ना बगळ्यांचं काही, ना माझं. नियम म्हणून फोन धरून बसतो.

उत्तरार्धात दादा एकदम खोकला, बराच वेळ खोकला. “पाणी पी,” मास्तर म्हणाला, आणि म्हणेपर्यंत बगळ्यांच्या एका आडदांड गड्यानं डोकं घालून बरोबरी केली. मास्तर उठून उभा राहिला. कोपर लागून प्लास्टरचा एक जबडा खाली पडून फुटला, त्याकडे त्यानं बघितलंही नाही.

“दादा, वाचलो रे. एवढं धरून ठेवलं की वाचलो.”

“हं. अजून वेळ आहे.”

वेळ होता, आणि तो जाता जात नव्हता. बगळे सगळेच्या सगळे आपल्या गोलपुढे येऊन उभे राहिले. चेंडू आला की कुठेही लाथाडायचा, एवढंच काम. “काढ, काढ बाहेर,” असं मास्तर पुटपुटत होता. फोनमधून एका लयीत फुस्स, फुस्स चाललं होतं, आणि आज त्या आवाजाचा त्याला आधार वाटत होता.

मग अगदी शेवटाला बगळ्यांच्या एका शहाण्यानं गोलसमोर समोरच्याला पाय घातला. पेनल्टी. दोन्हीकडचे गडी पंचाभोवती जमले, ढकलाढकली झाली. बगळ्यांचा गोलकीपर शांतपणे हातमोजे पुसत होता. हा अडवेल, मास्तर मनात म्हणाला. मागच्या महिन्यात एक अडवली होती यानं.

“अडवणार हा, दादा. बघशील तू.”

फोनमधली इस्त्री थांबली नव्हती. फुस्सचा आवाज तुटत नव्हता, एकसारखा लांबत चालला होता. आणि त्यातून वहिनीचा आवाज आला, लांबून पण स्पष्ट, “अहो, गेली ना आत, हरले ते! आता काय इस्त्री दाबून बसलाय, शर्ट जळतोय तो!”

इस्त्री बंद झाली.

टॅब्लेटवर गोलकीपर अजून हातमोजे पुसत होता.

मास्तर बघत राहिला. चेंडू अजून ठेवलाही नव्हता. पंच गड्यांना मागे हटवत होता. ज्याला मारायची होती तो कमरेवर हात ठेवून उभा होता. मास्तरच्या डोक्यात आधी काही शिरेना, आणि मग एकदम सगळं शिरलं. थांबणारी इस्त्री, मघाचा खोकला, दादाचं मुकेपण. दादाच्या टीव्हीवर आधी दिसत होतं, टॅब्लेटवर इंटरनेटवरून मागाहून. टॅब्लेट आल्यापासून प्रत्येक शनिवारी दादाला आधी कळत होतं, आणि हा इथे ‘चल, चल’ करत असताना तो तिकडे तोंड मिटून उभा राहत होता.

चेंडू ठेवला गेला. गोलकीपरनं हात फैलावले. मास्तर त्याच्याकडे बघत होता आणि त्याला बसची खिडकी आठवत होती, मांडीवरची पिशवी आठवत होती. चेंडू एका बाजूला गेला, गोलकीपर दुसऱ्या बाजूला.

“गेली,” मास्तर म्हणाला.

“हं,” दादा म्हणाला.

“तुझ्याकडे आधी दिसतं ना?”

“थोडं आधी.”

“सांगायचं नाहीस?”

“तुझ्याकडच्या कॉमेंटरीवरून माझ्या लक्षात आलं होतं. सांगून काय करायचं होतं? गोल काय परत येतो? तू तेवढा वेळ खुशीत असायचास. मला ऐकू यायचं.”

“आणि इस्त्री?”

“तू म्हणालास चालू ठेव, मग ठेवली. दोन-चार शर्ट गेले.”

मास्तरला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. खाली फुटलेला जबडा पडला होता. तो वाकून तुकडे गोळा करायला लागला, म्हणजे बोलताना कुठे बघायचं हा प्रश्न सुटला.

“त्या दिवशीही असंच केलंस तू,” तो म्हणाला. “आईच्या वेळी.”

नियम मोडला होता. दादा फोन ठेवेल असं त्याला वाटलं. दादानं ठेवला नाही.

“दिवसभराचा रस्ता होता,” दादा म्हणाला. “अनोळखी माणसांत एकटा रडत आला असतास. माझ्या तोंडून निघालंच नाही. चुकलंही असेल.”

“चुकलंच,” मास्तर म्हणाला. राग पुरता गेला होता असं नाही. पण इतकी वर्षं त्याला त्या दिवसातला फक्त दरवाजा आठवत होता, आणि आज पहिल्यांदा बस आठवली. दिवसभर त्याची आई जिवंत होती, फक्त त्याच्याकडे.

टॅब्लेटवर शेवटची शिट्टी झाली. बगळे मैदानात जिथे होते तिथेच बसले. दादाकडे ती शिट्टी केव्हाच झाली होती, आणि दादा फोन धरून होता.

“मी संत्री आणली होती,” मास्तर म्हणाला.

“माहीत आहे. पिशवी दारातच होती. टाकवेना,” दादा म्हणाला. “दुसऱ्या दिवशी तुझ्या वहिनीनं सोलली, बिया काढून सगळ्यांना एकेक फोड दिली. गोड होती.”

मास्तर हातात प्लास्टरचे तुकडे घेऊन तसाच बसून राहिला. शिट्टी होऊन गेली होती, फोन ठेवायची वेळ झाली होती, आणि दोघांतला कुणीच ठेवत नव्हता.